गाठकाकी आणि रेंजर

दोरीची वीतभर शिडी बांधून झाली की गाठकाकी तिच्या मधल्या पायरीत करंगळी अडकवून खाली ओढायच्या. डोलकाठी वाकायची आणि टेबलाभोवतीच्या बायका श्वास रोखून धरायच्या. शिडी टिकली तर जहाज पुढे जायचं. एखादी पायरी जरी सरकली तरी काकी कात्री घ्यायच्या आणि अख्खी शिडी उतरवायच्या. मग ती दुसरीची असो की स्वतःची.

कर्जतहून खालापूरकडे जाताना रस्त्याला लागून आमची पत्र्याची शेड आहे. तिथे परदेशी पाठवायची शोभेची लाकडी जहाजं बनतात. सगळ्यांत जास्त खपतं ते ‘रेंजर’. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातलं हे लढाऊ जहाज, तीन डोलकाठ्या आणि अठरा तोफांचं. आमचं दीड हात लांब असतं. लाकूडकाम पुरुषांकडे, दोऱ्यांचं काम बायकांकडे आणि बायका माझ्या हाताखाली.

काकी कडावच्या वरच्या ठाकूरवाडीतून टेंपोने यायच्या. पहिल्या दिवशी मी त्यांना शिडीची गाठ शिकवायला बसले. त्यांनी एकदा बघितलं, माझी गाठ सोडली आणि स्वतःची मारली. ओढ्यात लावायची माशांची जाळी त्या लहानपणापासून विणत होत्या. एका जहाजाला अशा शेकडो गाठी लागतात. आठवडाभरात शिकवणारं कोण आणि शिकणारं कोण, हे सगळ्या शेडला कळलं.

जहाजाचं पुढे काय झालं, असं त्यांनी एकदा विचारलं. मी वाचलेलं सांगितलं. इंग्रजांनी ते बंदरात पकडलं, आपल्या आरमारात घेतलं, नाव बदललं आणि शेवटी विकून टाकलं. काकींनी दोरा दातांनी तोडला. “म्हंजी बाईमानसावानीच झालं की गं,” त्या शेजारणीला म्हणाल्या. बायका बराच वेळ हसत होत्या. मलाही हसू आलं, पण मी कामाला लागा म्हणाले.

एका प्रदर्शनासाठी शेठनी काकींचा जहाजासोबत फोटो काढून घेतला. त्याचं कार्ड छापलं आणि प्रत्येक खोक्यात एक जाऊ लागलं. मजकूर मी लिहिला होता, इंग्रजीत. या जहाजाची प्रत्येक गाठ या आदिवासी कारागीर स्त्रीने हाताने बांधली आहे, असा. काकींना कुणी कार्ड दाखवलं नाही. मीही नाही.

मग ऑर्डरी वाढल्या. शेठनी गाठी बंद करायला सांगितलं. दोरे आडवे-उभे ठेवायचे आणि गोंदाचा ठिपका द्यायचा. लांबून काहीच फरक दिसत नव्हता. बाकीच्या बायकांनी दोन दिवसांत हात बसवला. काकी गाठीच मारत राहिल्या. मी त्यांना म्हटलं, काकी, यावरून कुणी चढणार आहे का?

“चढनार नाय, ठावं हाय मला. पन शिडी हाय ना ती, बाई? का शिडीचं चित्तर हाय?”

मी त्यांना पॉलिशपेपर घासायला बसवलं. आठ दिवस त्या लाकडाचा भुसा खात बसल्या. नवव्या दिवशी टेंपोतून उतरल्या नाहीत. मला हायसं वाटलं, कारण त्यांच्यासमोर गोंदाची बाटली उघडताना माझाच हात अवघडायचा.

उन्हाळ्यातला माल बोटीवर तापला. गोंद सुटला, शिड्या गळून पडल्या आणि परदेशातून तक्रारींचे फोटो आले. शेठनी मला गाडी दिली आणि म्हणाले, तिला घेऊन या.

काकी अंगणात वाल निवडत होत्या. त्यांनी मला बसायला गोणपाट दिलं. मी सगळं सांगितलं, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून पर्समधून कार्ड काढून हातात ठेवलं. बघा, तुमचा फोटो कुठेकुठे गेला.

त्यांनी ते लांब धरून बघितलं. काय लिवलंय, विचारलं. मी वाचून दाखवलं.

“माजं नाव हाय?”

नाव नव्हतं.

“ह्ये कारड गोंदाच्या जहाजातबी टाकलं व्हतं?”

मी हो म्हणाले.

काकी पुन्हा वाल निवडू लागल्या. “मंग ती लोकं माज्याच तोंडाकडं बघून शिव्या देत असतील,” त्या म्हणाल्या. “मी नाय येत, बाई. तुमी येवढंच करा. खोक्यातनं माजं तोंड काढा.”

काढते, असं मी त्यांना शब्द देऊन आले. दुसऱ्या दिवशी शेठना सांगितलं. ते म्हणाले, गोंद आपण बदलतोय आणि कार्डं तर छापून पडली आहेत, संपेपर्यंत जाऊ देत. मी वाद घातला नाही. खोकी बंद करायचं काम माझ्याच हाताखाली होतं. एखाद्या दिवशी कार्डांचा गठ्ठा उचलून कचऱ्यात टाकला असता तर कुणी विचारलंही नसतं. मी टाकला नाही.

गेल्या पावसाळ्यात काकी वारल्या. मला चार दिवसांनी कळलं, टेंपोवाल्याकडून. त्या दिवशी पंधरा रेंजर जायची होती. पंधराही खोक्यांत कार्ड गेलं. कपाटात अजून दोन गठ्ठे आहेत.