संदर्भसूचीत न बसलेलं नाव

शास्त्रीय लेखाच्या शेवटी बारीक टायपातली जी संदर्भांची यादी असते, ती किती निष्ठुर असते हे ती स्वतः तयार केल्याशिवाय कळत नाही. ऐंशी सालच्या आसपास, मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, ते काम माझ्या वाट्याला आलं. माझं अक्षर बरं होतं आणि मी नाही म्हणत नसे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझे मार्गदर्शक सर काही सांगत तेव्हा मी आधी 'हो सर' म्हणायची, मग काय सांगितलं ते समजून घ्यायची.

लेख वांग्याचे शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीवर होता. ज्या नियतकालिकाला तो पाठवायचा, त्याच्या शेवटच्या पानावर लेखकांसाठी सूचना असत. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, मग वर्ष. नियतकालिकाचं नाव आखूड करायचं, पण आपल्या मनानं नाही, त्यांच्या पद्धतीनं. मी एकेक संदर्भ कार्डावर उतरवला आणि कार्डं बुटाच्या खोक्यात आडनावांच्या क्रमानं लावली. जपानचे, इंग्लंडचे, कोइमतूरचे लोक माझ्या खोक्यात खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मला ते काम आवडत होतं, हेही सांगितलं पाहिजे.

त्यातलं एक कार्ड ताईचं होतं.

ताई म्हणजे सख्खी बहीण नव्हे; ती सिंदीची. ती माझ्या आधी काही वर्षं याच विभागात शिकली. प्रबंधासाठी तिनं नालवाडीला आमच्याच वावरात वर्षभर किडकी वांगी मोजली होती. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसलेली. मी बाजारासाठी वांगी खुडायची, ताई सायकलवर यायची आणि चिखलात उतरून माझ्या शेजारच्या ओळीत बसायची. बाबांनी तिला एकदा विचारलं, "बाई, किडके वांगे मोजून कोणाचं भलं होऊन राह्यलं?"

"आज कोणाचंच नाई, काका," ती म्हणाली. "पण मोजल्याबिगर त कधीच नाई होत." मग माझ्याकडे बोट करून, "हे पोरगी काऊन घरी बसली?"

पुढच्या जूनमध्ये मी कॉलेजात होते.

सरांनी यादी तपासली आणि ताईच्या ओळीवर लाल पेन्सिल फिरवली. "अप्रकाशित प्रबंध यादीत चालत नाही. नियम वाच."

नियम मी वाचला होता, पण त्याचा अर्थ असा होईल हे डोक्यात आलं नव्हतं. "सर, मग तक्ता दोन?" मी विचारलं. तक्ता दोन म्हणजे ताईचं ते अख्खं वर्ष. माझी मोजणी त्याच्या पुढची.

"तो विभागाचा आहे."

"लेखक म्हणून तरी ताईचं..."

"ती आता विभागात कुठं आहे?"

लेखावर नावं दोन होती, सरांचं आणि माझं. मला ते आठवलं की अजून राग येतो. ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांच्या पानांचे आकडे मी भिंगाखाली धरून तपासत होते, आणि जिनं माझ्यासमोर पाठ मोडेस्तोवर वांगी मोजली ती एका पेन्सिलीत गेली. घरी येऊन मी ती सूचना पुन्हा वाचली. खाली एक ओळ होती. छापून न आलेली माहिती वापरल्यास ती देणाऱ्याचं नाव मजकुरातच कंसात द्यावं आणि त्या व्यक्तीचं संमतिपत्र जोडावं. सरांना दाखवली. ते म्हणाले, "आण पत्र."

ताईचं सासर केळझरला होतं. मी एसटीनं गेले आणि गणपतीच्या देवळाकडून विचारत विचारत घर गाठलं. अंगणात तिच्या सासूबाई गहू निवडत बसल्या होत्या. मी ताईचं नाव घेतलं.

"त्या नावाचं इथं कोणी नाई," त्या म्हणाल्या.

आतून ताई आली. "मीच व्हय, आत्याबाई."

"हो माय. लग्नात नाव बदललं न तिचं, पत्रिकेतून निघालं तसं. आता जुन्या नावानं हाक मारली त तिले आयकू बी येत नाई."

"येते आयकू," ताई म्हणाली.

मी भीतभीत सगळं सांगितलं. तक्ता दोनचं सांगताना माझी मान वर होत नव्हती. ताईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे यादीत नाई, कंसात." मग पेन घेतलं. पत्र चटकन लिहिलं. सहीपाशी हात थांबला.

"कोणतं टाकू?"

"प्रबंधावर आहे ते टाका न, ताई."

सासूबाई उठून आल्या. "काय लिवून राह्यली वो?"

"वांग्याच्या किडीचं."

"त्याले सही लागते?"

"लागते, आत्याबाई. मोजले मीच होते." आणि तिनं माहेरचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

सरांनी पत्र उलटसुलट पाहिलं. "सही माहेरची, पत्ता सासरचा. संपादकाला वाटेल आपणच बसून लिहिलं. नव्या नावानं सही आण."

नव्या नावाची बाई आमच्या वावरात कधी आलीच नव्हती. त्या नावाचा प्रबंध कुठल्या ग्रंथालयात नव्हता. तिला श्रेय देणं म्हणजे कोणालाच न देणं. मी खोक्यातून दोन कार्डं काढून टेबलावर ठेवली. एका इंग्रज बाईंचे दोन लेख, दोन आडनावांनी. या दोघी एकच, लग्नानंतर आडनाव बदललं, हे सरांनीच मला एकदा सांगितलं होतं.

"सर, यांचं जुनं नाव छापलं होतं तसंच आपण ठेवलं. मग ताईचं काऊन बदलायचं?"

सरांसमोर मी नेहमी 'का' म्हणायची. त्या दिवशी 'काऊन' निघालं. ते रागानं की भीतीनं हे मला अजून नीट सांगता येत नाही.

"एका नावात एवढं काय आहे?" सर म्हणाले.

"काही नसेल तर राहू द्या न, सर."

त्यांनी दोन्ही कार्डं माझ्याकडे सरकवली. "पाठव," म्हणाले. "परत आलं तर तुझी जबाबदारी."

परत आलं नाही. लेख छापून आला आणि कंसात ताईचं जुनं नाव होतं. पण ते तेवढंच. तक्त्यावर काही नाही, यादीत काही नाही. पुढं कोणी त्या तक्त्याचा संदर्भ दिला तर सरांचं आडनाव येणार आणि माझं, आणि नियमाप्रमाणे ते अगदी बरोबर असणार. एका बाईचं वर्षभराचं कष्टाचं काम कंसात घालून त्याला पद्धत म्हणणाऱ्यांचा मला तेव्हा राग होता, आणि पुढं अशा कितीतरी याद्या मी केल्या तरी तो गेला नाही.

मी छापील प्रत घेऊन केळझरला गेले. ताईनं कंसावर बोट ठेवलं. सासूबाई वाकून म्हणाल्या, "हे कोणाचं नाव व्हय?"

"माह्यं," ताई म्हणाली, आणि बोट तिथंच ठेवलं.

पुढं माझं लग्न झालं. नवं नाव लिहायला तांदळाचं ताट आणलं, तेव्हा मी म्हटलं, माझं आहे तेच राहू द्या. मांडवात कुजबुज झाली. सासऱ्यांनी शांतपणे विचारलं, "काऊन, पोरी? त्या नावाले काय झालं?"

"छापलेलं आहे, जी," मी म्हणाले.

त्यांना ते पटलं असं वाटत नाही. पण ताट आत गेलं.