पर्याय झाकून

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या सोमवारी, दुपारी तीनचा तास संपल्यावर, परबबाईंनी बोरीवलीतल्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासमधली नोकरी सोडली. मी तिथे सामान्यज्ञान शिकवत होतो आणि त्या वेळी संचालकांच्या खोलीत होतो.

बाई मराठी शिकवत. रिकाम्या जागांचे प्रश्न सोडवताना मुलांनी चारही पर्याय पुठ्ठ्याने झाकायचे, हा त्यांचा नियम. आधी वाक्य वाचायचं, जागेत कोणता अर्थ हवा ते पेन्सिलीने लिहायचं, मगच पुठ्ठा उचलायचा. शब्द माहीत नाही म्हणून कोणी प्रश्न सोडला की त्या चिडत. "अनोळखी माणूस कोणाच्या पंगतीत बसलाय ते दिसतं ना गो? तसाच शब्द ओळखायचा."

संचालकांचा भर पाठांतरावर. कठीण शब्दांची यादी त्यांनी स्वतः केली होती. सराव परीक्षेत दिंडोशीच्या सोनाली सावंतला वीसपैकी एकोणीस गुण पडले. संचालकांनी तिला बोलावून 'वितुष्ट'चा अर्थ विचारला. तिला सांगता आला नाही. तिने कॉपी केली असं ठरवून त्यांनी निवडक मुलांच्या तुकडीतून तिचं नाव कापलं.

त्या सोमवारी बाई तिला आणि तिचा पेपर घेऊन संचालकांच्या खोलीत आल्या. आवाज चढला नव्हता. त्यांनी सोनालीला प्रश्न वाचायला लावला: 'वर्षानुवर्षं शेजारी राहूनही त्या दोघांत ____ होतं, ते एकमेकांच्या दारात कधी गेले नाहीत.'

"'राहूनही' आहे ना सर, म्हणजे पुढे उलटं येणार," सोनाली म्हणाली. "दारातपण जात नाहीत. बाकीचे तीन शब्द गोडीचे. हाच उरला."

"म्हणजे अंदाज," संचालक म्हणाले.

"याला वाचणं म्हणतात," बाई म्हणाल्या. "तुमची यादी न घोकता पोरीला जमलं, ते तुम्हाला झोंबलंय. चोर म्हणालात तिला. आता तिच्यासमोर माफी मागा."

संचालकांनी त्यांना वर्गावर जायला सांगितलं. बाईंनी हजेरीपट टेबलावर ठेवला आणि सोनालीला घेऊन बाहेर पडल्या. मी माझा चारचा तास घेतला.

बाई दिंडोशीच्याच. त्यांच्या सोसायटीच्या ऑफिसात त्या सोनालीला रोज तासभर शिकवत राहिल्या. लिपिकपदाच्या निवड यादीत तिचं नाव आलं. त्याच आठवड्यात क्लासच्या दारावरच्या फलकावर तिचा फोटो लागला. खाली 'आमची विद्यार्थिनी'.

बाईंनी येऊन फोटो उतरवायला सांगितलं. मग लेखी पत्र दिलं. त्याची पोच त्यांच्याकडे आहे. काल सकाळी फोटो फलकावर तसाच होता.