शेवटच्या गाडीतला माणूस

दाजी गेल्याचा फोन ताईचा नव्हता, त्यांच्या कंपनीत ट्रक चालवणाऱ्या लोणी काळभोरच्या सर्जेराव ड्रायव्हरचा होता. "सायेब गेलं ओ आपलं," एवढं बोलून तो रडायलाच लागला. मेहुणा मी, आणि समजूतही मीच घालत होतो... साहेबासाठी ड्रायव्हर असा रडताना मी तरी पाहिला नव्हता.

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि पुण्यात नोकरी शोधू लागले. उभी हयात रसदीच्या गाड्यांचे ताफे सांभाळण्यात गेलेली. पण बायोडेटावर 'सैन्य' दिसलं की समोरचा खूश होऊन म्हणायचा, "वा! आमच्या गेटवर असाच माणूस हवा होता." माणसं निवडणं हाच माझा धंदा, म्हणून शनिवार पेठेत आमच्या घरी मी त्यांची तालीम घेऊ लागलो. "तुम्ही काय केलंत ते सांगा, दाजी." "पोरांनीच केलं सगळं." "अहो, नोकरी पोरांना नकोय, तुम्हाला हवीय!" ते हसायचे आणि पुन्हा पोरांचंच कौतुक सांगायचे. सैन्यात स्वतःची टिमकी वाजवणाऱ्याला कुणी विचारत नाही, आणि इथे न वाजवणाऱ्याला. ताई मला हळूच म्हणाली, "गेटवर उभे राहतील रे ते, पण आतून मोडतील."

मग वाघोलीच्या एका वाहतूक कंपनीच्या मालकीणबाईंनी बोलावलं. जागा होती सगळ्या ट्रकांवर देखरेख करण्याची. मी बाहेर बाकावर. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"बर्फात अडकलेला ताफा बाहेर काढलात, असं लिहिलंय. तुम्ही नेमकं काय केलंत?"

"पोरांनी रस्ता मोकळा केला, मॅडम."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"आणि तुम्ही?"

"मी शेवटच्या गाडीत बसलो. ती हलल्याशिवाय ताफा सुटला, असं आम्ही म्हणत नाही."

"सोमवारपासून या," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून शेवटचा ट्रक मुक्कामी पोहोचल्याचा फोन आल्याशिवाय दाजी जेवायला बसले नाहीत. ताई कुरकुरत आमटी पुन्हा गरम करायची. मला मात्र त्यांचा फार अभिमान वाटायचा. आता माझ्याकडे सैन्यातल्या कुणाचा अर्ज आला, की मी गेटचा विषयच काढत नाही. विचारतो, "तुम्ही कुठल्या गाडीत बसायचात?" खरा माणूस लगेच कळतो.

परवा ताईकडे गेलो होतो. पानं वाढून झाली, तरी ती बसेना. तेवढ्यात दाजींचा फोन वाजला.

"वैनी, सर्जेराव बोलतोय. पोचलो बगा."

"बरं. जेवून घ्या," ताई म्हणाली, आणि मग पानावर बसली.