चांद्याची कंडक्टर

शालन तांबे हिला ओळखत नाही असा माणूस रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावर सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो बिनतिकीट प्रवास करणारा असणार. बायका खाकी घालून एस.टी.त कंडक्टर म्हणून चढायला लागल्या, त्या पहिल्या खेपेतली ही बाई. सुरुवातीला लोक तिकीट मागण्याऐवजी तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. मग ती म्हणायची, "तोंड बघायचा तिकीट वेगला हाय, ता या गाडीत मिळत नाय." गाडीभर हसू व्हायचं आणि बघणारा मुकाट्याने पैसे काढायचा.

तिचं एक ठाम म्हणणं होतं आणि ते ती कुणालाही ऐकवायची. ड्रायव्हरचे डोळे रस्त्यावर, ते तिथेच असावेत. माणसांकडे बघणं हे कंडक्टरचं काम. गाडी हातखंब्याच्या पुढे गेली की घाटात कोण ओकणार हे तिला नुसत्या चेहऱ्यांवरून कळायचं. बडबड करता करता एकदम गप्प झालेला माणूस आणि उगाच जांभया देणारं पोर, या दोघांना ती न विचारता खिडकी द्यायची. हातात वडापाव घेऊन चढणाऱ्याला दारातच अडवायची. "घाट चढाचाय ना? मग तो वडा पिशवीत घाल आणि मलकापुरात खा." लोक कुरकुरायचे, पण ऐकायचे. तिच्या गाडीत कुणी ओकलं तर तो तिला स्वतःचा अपमान वाटायचा.

अशी ही बाई निवृत्त झाली आणि रत्नागिरीत मांडवीच्या घरात येऊन बसली, तेव्हा समोर बघायला माणसंच उरली नाहीत. नवरा महेंद्र आधीच गेलेला. मुलगा अमरदीप मुंबईत नोकरीला. एका संध्याकाळी ती बुद्धविहारातून घरी निघाली तर पायरीवरचा एक कुत्रा तिच्या मागे मागे आला. काळा कुळकुळीत, कपाळावर पांढरा चांद. "तू खंय उतरणार?" असं तिने विचारलं, तर तो तिच्या पावलावरच बूड टेकून बसला. तिथेच तो उतरला म्हणायचा. चांद्या त्याचं नाव पडलं आणि घराला पुन्हा आवाज आला. शालन दिवसभर त्याच्याशी बोले आणि तो कान टवकारून ऐके. अमरदीपचा फोन आला की आधी चांद्याची खुशाली, मग स्वतःची.

यंदा शिमगा झाल्यावर चांद्याचा एक डोळा दुधाळ दिसायला लागला. बघता बघता तो डोळा गेला. जनावरांच्या डॉक्टरांनी दुसरा तपासला आणि सांगितलं की डोळ्यातला दाब वाढण्याचा हा आजार आहे, आता तो दुसऱ्या डोळ्यातही चढतोय. कोल्हापुरात ऑपरेशन होतं. वेळेवर झालं तर हा डोळा राहील. उशीर झाला तर कुत्रा पुरता आंधळा.

शेजारची चिमा तेव्हा शालनच्या ओट्यावरच होती. ती म्हणाली, "कुत्र्याचा कसला गो एवढा? म्हातारपणी डोले जायाचेच."

"तुझा मोतीबिंदू काढायला तुझा झील कर्ज काढून धावला, तवा कोन बोल्ला हुता असा?" शालनने विचारलं. चिमाने पदर सावरला आणि आमटी उतू जात असल्याचं तिला आठवलं.

अमरदीप रजा काढून नवी गाडी घेऊन आला. इतकी नवी की सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. घराण्यातली पहिली चारचाकी. शालनने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि बॉनेटवर हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूर गाठायचं ठरलं.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं की रात्रीपासून पोट रिकामं ठेवा. शालनने "हो हो" म्हटलं होतं. पण सकाळी चांद्या ताटलीपाशी येऊन एका डोळ्याने बघायला लागला आणि तिचा जीव राहिना. घरातून उपाशीपोटी कुणाला बाहेर काढायचं नाही, ही आमच्याकडची रीत माणसाला आहे तशी कुत्र्यालाही आहे. तिने भात कालवला, त्यात बांगड्याचं कालवण घातलं आणि शुभशकुन म्हणून वर दह्याचा चमचा. जन्मभर दुसऱ्यांचे वडे पिशवीत घालायला लावणाऱ्या बाईने आपल्या लेकराला मात्र दाबून वाढलं.

आणि दुसरं म्हणजे ती पुढे बसली. मुलाच्या नव्या गाडीत, मुलाच्या शेजारी, नवी साडी नेसून. गल्लीतल्या सगळ्यांना दिसावं म्हणून काच खाली करून. चांद्या मागे एकटा, मोकळा, प्लास्टिकवरून घसरत होता.

पाली गावापाशी मागून वास आला. अमरदीपने वळून बघितलं तर सीटवर बांगडा आणि दही परत आलेलं. त्याने गाडी कडेला घेतली, तणतणत उतरला आणि पुसायला म्हणून मागचं दार सताड उघडलं. गळ्यात दोरी नाही, अर्धी नजर गेलेली, पोटात कळ. चांद्याने उडी मारली ती थेट हमरस्त्यावर. एका ट्रकने करकचून ब्रेक मारला. शालनने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा रस्ता मोकळा होता आणि चांद्या पलीकडच्या काजूच्या झाडांत नाहीसा झाला होता.

ऊन डोक्यावर येईपर्यंत माय-लेक त्याला हाका मारत हिंडली. शेवटी रस्त्याखालच्या एका मोरीत तो सापडला, अंगाचा मुटका करून थरथरत. शालन नव्या साडीनिशी मोरीत उतरली, त्याला पोटाशी धरलं आणि तिथेच बसून रडली. कोल्हापूर राहिलं. गाडी मांडवीला परतली.

"आये, ह्या काय जमाचा नाय," अमरदीप म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, उलट खचलेला होता. "माझा मित्र बोलतो, आपली झोपेची गोळी अर्धी द्यायची आणि डिकीत टाकायचा. कळणार पण नाय त्याला."

"तुझ्या मित्राला टाक डिकीत," शालन म्हणाली. तरी खात्री करायची म्हणून तिने कोल्हापूरला फोन लावला. माणसाची गोळी कुत्र्याला अजिबात देऊ नका, डॉक्टर म्हणाले, वर भुलीचं इंजेक्शन दिलं तर जिवावर बेतेल. पुढच्या आठवड्यातली तारीख त्यांनी दिली आणि हलक्या आवाजात सांगितलं की याच्या पुढे ढकलू नका, मग करून उपयोग व्हायचा नाही.

त्या संध्याकाळी शालन अंगणात गाडीकडे बघत बसली होती. मोठी चूक कुठली, ते तिला आता कळलं होतं. भाताचं एक वेळ सोडा. पण उतारूकडे पाठ करून ती बसली होती. इतकी वर्षं नोकरी केली, एक दिवस असं झालं नव्हतं. आणि झालं ते आपल्याच माणसाच्या बाबतीत. तिला स्वतःचा असा काही संताप आला की त्या रात्री चांद्याला तिने मऊ भात दिला आणि स्वतः नुसता चहा पिऊन निजली.

दुसऱ्या दिवसापासून तिने ड्यूटी सुरू केली. अमरदीपने साहेबाच्या हातापाया पडून रजा वाढवून घेतली आणि आईच्या हुकमात राहिला. पहिल्यांदा तिने सीटवरचं प्लास्टिक फाडून काढलं. "आये, नवीन हाय गो," एवढं तो म्हणाला, पण तिने ऐकलं नाही. मागच्या सीटवर तिने आपली रोजची गोधडी पसरली, चांद्याला ठाऊक असलेल्या वासाची. मग अंगणात उभ्या गाडीची चारही दारं उघडी ठेवून ती नुसती मागे बसली आणि तांदूळ निवडत राहिली. चांद्या आधी फाटकापाशी, मग चाकापाशी, मग दारापाशी आला. ती बघेचना. अखेर तो चढला आणि तिच्या मांडीवर हनुवटी टेकून झोपला. त्या दिवशी गाडी हललीच नाही. मग दार लावून बसणं झालं. मग नुसतं इंजिन चालू. मग मांडवीच्या जेट्टीपर्यंत आणि परत. जेट्टीवर उतरल्यावर चांद्याला वारा खायला मिळायचा, त्यामुळे गाडी म्हणजे काही वाईट नाही हे त्याच्या डोक्यात शिरलं.

पट्टा तिने गळ्याचा घेतला नाही. ब्रेक लागला की मानेला हिसका बसतो, हे तिला उतारूंच्या माना बघून माहीत होतं. छातीभोवती आणि पाठीवरून येणारा रुंद पट्टा तिने आणवला आणि त्याची दोरी सीटबेल्टच्या खाचेत अडकवली. चांद्या उठू शकेल, बसू शकेल, कूस बदलेल, पण पुढे फेकला जाणार नाही इतकीच ढील. अमरदीपने ती दोरी ओढून बघितली. शालनने त्याचा हात बाजूला केला आणि आपण दुप्पट जोराने ओढून बघितली.

ठरल्या दिवशी चांद्याला पाण्याखेरीज काही मिळालं नाही. चिमा ओट्यावरून म्हणाली, "उपाशी धाडतेस गो त्याला?" शालनला हुंदका आला होता, पण ती म्हणाली, "व्हय. डोला घेवन आला की जेवल." आणि ती मागे बसली. जुनी साडी, पदर खोचलेला, तोंड चांद्याकडे. पुढची सीट रिकामी.

"उघडून दे काच," ती म्हणाली. "चार बोटं. डोका भायर नाय जायाचा." हातखंबा गेला, पाली गेली. चांद्या गोधडीवर पसरला होता. साखरप्याला अमरदीपने टपरीसमोर गाडी लावली. "दोन मिनिटं चहा घेऊ. राहू दे त्याला आत, काच उघडी आहे."

"ह्या उन्हात? तू बस आधी आत काच लावन." तिने दोरी मनगटाला दोनदा गुंडाळली, मगच दार उघडलं आणि चांद्याला फणसाखाली सावलीत नेलं. अमरदीपने चहाचा ग्लास तिथे आणून दिला. चांद्याने एका झाडाला हजेरी लावली, दोन घोट पाणी प्यायला आणि आपण होऊन गाडीकडे निघाला. हे बघून शालनने चहा तसाच ठेवून त्याच्या कपाळाचा मुका घेतला.

घाट सुरू झाला. तिसऱ्या-चौथ्या वळणावर चांद्याने जांभई दिली. मग आणखी एक. मग जिभेने ओठ चाटले. शालनने खिडकीच्या चौकटीवर बोटाने एकदाच टक् केलं. "थांबव. इथं नाय, वळणावर नाय. पुढं रुंद जागा हाय, कठड्याकडं." अमरदीपने मुकाट्याने गाडी तिथे घेतली. दरीवरून गार वारा येत होता. चांद्या जरा चालला, वास घेत उभा राहिला, लाळ थांबली. गाडी पुन्हा निघाली.

माथा जवळ आला असताना समोरच्या गाडीतून कुणीतरी केळी फेकली आणि कड्यावरून वानरांची टोळीच्या टोळी रस्त्यावर उतरली. अमरदीपने ब्रेक दाबला. त्याचा फोन शेजारच्या सीटवरून उडून काचेवर आपटला. पाण्याची बाटली पुढे गेली. शालनचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं. चांद्या उचलला गेला, पट्टा ताणला, आणि तो होता तिथेच परत बसला.

अमरदीपने वळून आधी कुत्र्याकडे बघितलं, मग काचेला गेलेल्या तड्याकडे, मग आईकडे. मोकळा असता तर चांद्या कुठे गेला असता हे सांगायची कुणाला गरज नव्हती. त्याने पुन्हा गिअर टाकला.

"हळू घे," शालन म्हणाली. "पोरगा बरा हाय. तूपन बरा हायस."

कोल्हापुरात चांद्या स्वतःच्या पायांनी दवाखान्याची पायरी चढला. आत नेईपर्यंत शालनने त्याचा पट्टा सोडला नाही. मग ती बाकावर बसली आणि तिला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. वाटेत तिच्या हातात काही ना काही होतं. आता काहीच नव्हतं. अमरदीप शेजारी येऊन बसला आणि लहानपणी बसायचा तसा तिला चिकटून राहिला.

डॉक्टर बाहेर आले ते हसत. डोळा राहिला होता. आत्ता सूज आहे, ते म्हणाले, पण बोट हलवलं तर बघतोय. "खरं सांगू का, मला धाकधूक होती. आधीच एक फेरी फुकट गेलेली. घाटातून येणारी जनावरं इथे पोचतात ती अर्धमेली, ओकून ओकून, घाबरलेली. अशांना भूल देता येत नाही, परत पाठवावं लागतं, आणि याला परत जाऊन यायला वेळ नव्हता. हा तर घरातून उठून आल्यासारखा आला." त्यांनी अमरदीपच्या हातातल्या गाडीच्या किल्लीकडे बघितलं. "छान आणलात हो तुम्ही."

अमरदीपने किल्ली खिशात टाकली. "मी नुसती गाडी चालवली, डॉक्टर," तो म्हणाला. "आणला आईने."

डॉक्टरांनी शालनकडे बघितलं. अशा वेळी आपल्याकडच्या बाया मान खाली घालतात, "माझं कसलं, सगळं पोराने केलं" असं पुटपुटतात. शालन बाकावरून उठली. कपाळावर टेंगूळ होतं, साडीभर कुत्र्याचे केस होते. छाती अभिमानाने भरून आली होती आणि हे लपवायचं तिला काही कारण दिसेना.

"व्हय," ती म्हणाली. "मीच आणलाय."