बाईंचे बारा आवाज

लोणावळा स्टेशनवर मी तिकीट कलेक्टर होतो. गाडी सुटायच्या आधी फलाटावरून हाळी देणं हेही माझ्याकडेच असायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी एका सकाळी मी "पुण्याकडेऽऽ जाणारी गाडीऽऽ" असं ओरडलो, तेवढ्यात पांढऱ्या केसांच्या एक गोऱ्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. तिकीट दाखवतील म्हणून मी हात पुढे केला.

त्या इंग्रजीत म्हणाल्या, "पुन्हा ओरडा."

मी ओरडलो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "रविवारी दहाला रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये या. मला असाच खालच्या पट्टीतला आवाज हवा होता."

जर्मनांनी ऑस्ट्रिया बळकावल्यावर बाई तिथून जीव वाचवून आल्या होत्या. तिकडे त्या एका लहानशा क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, गात. बाराच माणसं, गाणं हाच त्यांचा धंदा, आणि साथीला एकही वाद्य नाही. तसा क्वायर त्यांना इथं उभा करायचा होता.

रविवारी गेलो तर बाकीचे अकरा जण आलेले. सगळ्यांना बाईंनी नुसतं बोलताना ऐकून निवडलं होतं. रेल्वे दवाखान्यातली नर्स रोग्यांची नावं पुकारताना सापडली, तर बाजारातले बेकरीवाले चाचा गिऱ्हाइकाशी हुज्जत घालताना. एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरच्या दोन मुली होत्या, एक गोव्याचे मास्तर होते. "आपण हौशी नाही," बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. "लोक आपल्याला बिदागी देतील. उशिरा येणाऱ्याला दार बंद."

उंच-खालच्या आवाजांचे चार गट पाडून तीन आठवडे प्रत्येक गटाला त्यांनी वेगळं शिकवलं. मला त्यांचं पाच रेघांवरचं स्टाफ नोटेशन वाचता येईना, म्हणून माझे सूर मी सा-रे-ग-म मध्ये लिहून घेतले. होते किती, तर चार! त्यांच्यावरच रेंगाळत राहायचं. आपल्या वाट्याला उरलंसुरलं आलंय, असं मला वाटे.

चौथ्या रविवारी बाईंनी सगळ्यांना एकत्र उभं केलं आणि हात उचलला. भजनात आम्ही सगळे एकच चाल म्हणत आलेलो. इथं चार चाली एकदम निघाल्या आणि बाकीच्या तिन्ही माझ्या त्या कंटाळवाण्या सुरावर येऊन टेकल्या. खिडकीचं तावदान झणझणलं. मी गायचंच विसरलो. बाईंनी हात खाली घेतला.

"काय झालं?"

"बाई, मी ऐकत राहिलो."

बाई हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

हॉलमधल्या पहिल्या कार्यक्रमाला माझे वडील आमच्या गावाहून, वडिवळ्याहून आले. भाताची लावणी सोडून त्यांना दुसरं काही ठाऊक नव्हतं. बाहेर आल्यावर ते कितीतरी वेळ पागोटं हातात धरून उभे होते.

"आबा, आवडलं का?"

"समदी येगयेगळं म्हनत्यात, आन तरी कुनी कुनाच्या आडवं येत न्हाई," ते म्हणाले. "लय नवल बाबा!"

पुढं पुण्याला, मुंबईला बोलावणी येऊ लागली. रजा टाकून आम्ही जायचो.

मग युद्ध पेटलं. ऑस्ट्रिया आता जर्मनीत, म्हणून कागदोपत्री बाई जर्मन, म्हणजे सरकारच्या शत्रू ठरल्या. भर तालमीत दोन हवालदार हुकूम घेऊन आले. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं आणि गाणं पुरं केलं. हवालदार दाराशी निमूट उभे राहिले. मग बाईंनी गाण्यांचे कागद आवरून नर्सच्या हाती दिले आणि त्या निघाल्या. त्यांना पुरंदरावर नजरकैदेत ठेवलं.

तीन आठवड्यांनी मुंबईचा कार्यक्रम ठरलेला होता. नर्स म्हणाली, "नकार कळवू या का?"

चाचा उसळले. "बाईंनी कधी एक तालीम तरी चुकवलीय का?"

मुंबईच्या मंचावर आम्ही अर्धगोल करून उभे राहिलो. नर्सचे खांदे श्वासाबरोबर उचलले की सुरू करायचं, एवढंच ठरलं होतं. तिचे खांदे हलले आणि बाराही जणांनी एकदम सूर लावला. हात दाखवणारं कुणी नसताना हे जमलं कसं, ते मला आजही सांगता येणार नाही.

नंतर परवानगी काढून आम्ही पुरंदर चढलो. फाटकावरचा अधिकारी म्हणाला, "एकच जण आत जाईल." मी गेलो. बाई व्हरांड्यात बसल्या होत्या, खूप वाळल्या होत्या. मी काही बोलणार, तोच फाटकाबाहेर बाकीच्यांनी गायला सुरुवात केली. बाईंचं बोट गुडघ्यावर ताल धरू लागलं. व्हरांड्यातले कैदी एकेक करून उभे राहिले. अधिकाऱ्यानंही टोपी काढली. माझी जागा आली तसा मी तिथंच, बाईंच्या शेजारी उभा राहून, माझे चार सूर म्हटले.

गाणं संपल्यावर बाईंनी डोळे पुसले. "दुसऱ्या ओळीत मुली घसरल्या," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगा."

युद्ध संपल्यावर बाई परत आल्या आणि आम्ही आणखी थोडा काळ गायलो. मग इंग्रज गेले. ड्रायव्हरचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघून गेलं, मास्तर मुंबईला, आणखी दोघं कुठं कुठं. शेवटच्या तालमीला आम्ही सातच उरलो होतो. बाईंनी गेलेल्यांच्या जागा तशाच रिकाम्या ठेवून आम्हाला उभं केलं. त्यांच्या ओळी आल्या की बाई मोकळ्या जागेकडे हात दाखवत. आम्ही गप्प राहायचो, आणि ते सूर मला स्वच्छ ऐकू येत होते.