नदीची चव जाणणारी बाई

नाव सोडण्याआधी ती ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, खळखळून चूळ भरायची आणि लांब थुंकायची. मग म्हणायची, "हां, बसा आता." तोवर कुणी नावेत पाय ठेवत नसे.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी काळेवाडीला राहत होतो. पवनेच्या पलीकडे पिंपरीला नवी कंपनी निघाली होती, तिथे मी टायपिस्ट. ही भोईण मावशी आम्हाला सकाळ-संध्याकाळ पार करायची. मधल्या वेळात जाळं टाकायची. मरळ कुठं दबा धरते, वाम कुठल्या कपारीत शिरते, तिला विचारावं. "वर मावळात पडलाय," ती पाण्याच्या चवीवरून सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी खरंच गढूळ लोंढा यायचा.

एके सकाळी तिने चूळ भरली आणि भरताभरताच थुंकली.

"भाऊ, कंपनीनं काय सोडलंया नाल्यातनं?"

"मावशी, वाहतं पाणी आहे. आपोआप स्वच्छ होतं."

हे वाक्य मी ऑफिसात ऐकलं होतं. किती ऐटीत म्हणालो मी!

महिन्याभरात मासे पोटं वर करून तरंगू लागले. मावशीच्या बोटांच्या बेचक्या सडल्या. म्हशी पाण्याला तोंड लावीनात. नावेतला एक जण तिला म्हणाला, "कंपनी आली म्हणून पोरं पँटी घालायला लागली, मावशी."

"घालू द्या की. पण धुवायच्या कुठं?"

सगळे हसले. ती हसली नाही.

एक दिवस ती तांब्याभर नदीचं पाणी घेऊन थेट साहेबांच्या टेबलापाशी आली. मी शेजारीच बसलो होतो. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"बाई, पाणी तपासलंय आम्ही. काही धोका नाही."

"मंग घ्या एक घोट."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली.

"ऱ्हाऊ द्या. येवढंच सांगा. तुमच्या बंगल्यांचा पंप नाल्याच्या वरच्या अंगाला का बसवला? खाली का न्हाई?"

याचं उत्तर त्या इमारतीत प्रत्येकाला ठाऊक होतं. साहेबांनी शिपायाला खूण केली. त्याने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. तांब्या लवंडला आणि खोलीभर तो वास पसरला. खिडक्या उघडायला मात्र सगळे धावले.

तिने मामलेदारांकडेही तक्रार केली होती. मग साहेबांनी त्यांना पाठवायचं उत्तर सांगितलं. तक्रार निराधार, पाणी निर्दोष, बाई भांडखोर. मी टाइप केलं. तीन प्रती. एकही चूक केली नाही. आज त्या साहेबाची चीड येते, मामलेदाराची येते. पण त्या बिनचूक तीन प्रतींची येते तशी कशाचीच येत नाही.

गावात बातमी पोचायला किती वेळ लागतो, तुम्ही जाणताच. दोन दिवसांनी मी घाटावर गेलो तर तिने वल्हं आडवं धरलं.

"भाऊ, तुमी लिवलं व्हय ते?"

"साहेबांनी सांगितलं, मावशी."

"हात तर तुमचेच व्हते न्हवं?"

मी हात खिशात घातले.

"पुलावनं जा," ती म्हणाली, आणि बाकीच्यांना घेऊन निघून गेली. पूल दोन कोस लांब होता. त्या दिवशी मला राग आला, तो तिचाच. एका भोयाच्या बाईने मला अडवावं!

पाणी बघायला मामलेदार आलेच नाहीत. होळीच्या आधी तिने नाव बैलगाडीवर पालथी घातली आणि मावळात भावाकडे निघाली. गाडी माझ्यासमोरून गेली. आजारी जनावराला धरावं तसा नावेच्या फळीवर हात ठेवून ती मागून चालत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या काठावर डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई उभी होती. तिला काही माहीत नसावं. "ओ मावशी! मावशी ओ!" ती हाका मारत राहिली. मला ओरडून सांगता आलं असतं. मी फायली काखेत घट्ट धरल्या आणि पुलाच्या वाटेला लागलो.