थंडाईचा एक पेला

सिपोराने तव्यावरची भाकरी उलटली आणि मागच्या दारावर थाप पडली. तिचा नवरा निसीम आरशापुढे अर्ध्या दाढीनिशी उभा होता. शेजारची सगुणा आत आली ती पदराखाली काहीतरी धरून.

"भाऊ, आज पेणला जाताय ना? ही न्या." तिने औषधाची जुनी बाटली ओट्यावर ठेवली. "माझी हाय. मी त्या दिवशी थंडाईला हात पण लावला नाय."

सिपोराने आधी बाटली उचलून मोरीत ठेवली आणि मग तिला हसू आवरेना. "अगो, जहाजावर चढणार हा बाप्या, आणि बाटलीत बाई?"

"लघवीला मिशा असतात व्हय?"

निसीमही हसला, पण ब्रश हातात तसाच राहिला. सगुणाचा जीव का तुटतोय ते त्याला ठाऊक होतं.

दर शिवरात्रीला तिचा नवरा कान्हू भांग घालून थंडाई घोटायचा. पहिला पेला देवाला, दुसरा निसीमला. निसीमच्या घरी मलिदा असला, पोहे, गूळ, खोबरं कालवून एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने वाटला, की कान्हूने कधी ताट मागे सारलं नव्हतं. मग त्याच्या हातचा पेला कसा नाकारायचा? यंदाही प्यायला. तिसऱ्या दिवशी जहाजाच्या नोकरीसाठी तपासणी होती, हे तो विसरला नव्हता. पण गांजा म्हणजे चिलीम, आणि ही तर थंडाई. काल पेणच्या लॅबमधून निरोप आला, लघवीत गांजा सापडलाय.

बावीस वर्षं त्याने रोह्याच्या कंपनीत फिटरकी केली होती. गडब गावातली त्यांची बेने इस्रायली ज्यू माणसं एकेक करून इस्रायलला गेली, घरांना कुलपं लागली. सात वर्षांमागे त्याची मुलगी शीराही नवऱ्याबरोबर गेली. तिचा मुलगा आता पाच वर्षांचा होता आणि आजोबा म्हणजे त्याला टेलिफोनमधली खरखर. हे जहाज दोन दिवस इस्रायलच्या हैफा बंदरात थांबणार होतं. शीराने पत्रात लिहिलं होतं, 'गेटावर येऊन उभी राहते. मलिद्यासाठी पेणचे पोहे आणा, इथले भिजवले की लगदा होतात.' पोहे केव्हाचे बांधून ठेवले होते. मधेच उठून सिपोरा ती पिशवी नुसती चाचपून बघायची.

"बाटली परत ने, सगुणा," निसीम म्हणाला. "लबाडी करून गेलो तर पोराच्या तोंडाकडं बघवणार नाय मला."

एसटी वडखळला रेंगाळली. पेणला पोचला तेव्हा लॅबमधला दिनानाथ बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत होता.

"भाऊ, भांग काय नि गांजा काय, झाड एकच. यंत्राला शिवरात्र कळत नाही."

"किती दिवस राहतो हा?"

"रक्तातून एक-दोन दिवसांत जातो. एका पेल्याचा असेल तर लघवीत फार तर आठवडा. रोज ओढणाऱ्याचा महिनाभरही सापडतो. परदेशात केस कापून बघतात म्हणे, तिथं तर महिनोन्महिने." दिनानाथने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "लोक दुसऱ्याची बाटली आणतात. हातात धरली की गार लागते, कळतं मला. तुम्ही नाही आणलीत."

निसीम मनात दिवस मोजत होता. एक पेला अंगात आठवडाभर राहतो. शीरा लहान असताना याच पेणच्या बाजारात त्याच्या खांद्यावर बसायची, त्याचे कान धरून. डाव्या खांद्याला ते ओझं अजून कळत होतं.

दिनानाथने रिपोर्ट पाकिटात घातला. "आजच्या टपालाने कंपनीला धाडावा लागेल. जहाज कधी सुटतंय?"

"वीस दिवसांनी."

पाकीट अजून चिकटवलं नव्हतं. निसीमने त्यावर अलगद हात ठेवला.

"हाय तसाच धाडा, दिनानाथ. फक्त खाली एक ओळ लिहा, या माणसाची दहा दिवसांनी परत एकदा तपासणी करावी."